तीन मिनिटांचं गाव

मुकोयाचं गाणं रेडिओवर पहिल्यांदा वाजलं त्या मंगळवारी, चार वाजून तीन मिनिटांनी, शिकोम्बे गावातल्या एकतीस माणसांचा आवाज गेला.

आवाज गेला म्हणजे घसा बसला असं नव्हे. ओठ हलत, जीभ हले, बाहेर काही येत नसे. शेम वाब्विरे शिंप्याचं मशीनसुद्धा त्याच्या पायाखाली मुकाट चालायला लागलं. म्हातारी नासिमियू शेळ्यांना हाका मारी, ती नुसते हवेचे घास घेतल्यासारखी. ज्यांची नावं गाण्यात नव्हती त्यांचं बोलणं होतं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तेच गाणं पुन्हा लागलं आणि ते चालू होतं तेवढी तीन मिनिटं एकतिसांनाही बोलता आलं. गाणं संपलं, तोंडं पुन्हा कोरडी.

आठवड्याभरात गावाने त्याची घडी बसवून घेतली. चार वाजले की सगळे मुकोयाच्या अंगणात रेडिओभोवती जमत, दिवसभराचं बोलणं जिभेवर तयार ठेवून.

"मीठ! कालपासून घरात मीठ नाही!"

"शेम, माझ्या पँटची एक तंगडी आखूड शिवलीस!"

"शिवली बरोबर आहे. तुझीच एक आखूड आहे!"

"नासिमियू आजी, तुमची काळी शेळी रोज माझ्या रताळ्यांत असते."

"ते शेळीला सांग! मला तीनच मिनिटं आहेत!"

आणि मुकोयाची बायको नाफुला म्हणाली, "चहात साखर नाही. सकाळपासून खुणा करतेय तुला. तू नुसता मान डोलावतोस."

"मला वाटलं, चहा छान झालाय म्हणतेस."

ती हसली. हसू अर्ध्यात होतं, तेवढ्यात गाणं संपलं. उरलेलं अर्धं उद्या चारपर्यंत तिच्या चेहऱ्यावर तसंच थांबून राहिलं.

केनियाच्या पश्चिमेकडच्या त्या टेकड्यांत मुकोयासारखी गिटार कुणी वाजवत नव्हतं. दोनच बोटं. अंगठा खर्जाच्या जाड तारांवर चालत राहायचा, नांगराच्या बैलासारखा, मान खाली घालून. तर्जनी वरच्या बारीक तारांवर बोलायची. समोर नाफुला बसायची. पायांत सोड्याची कंगोरेदार बाटली धरून तिच्या अंगावरून खिळा फिरवायची. त्या खरखरीवर गाणं उभं राहायचं.

आणि गाणं नमस्काराचं. गाणाऱ्याने एकेकाचं नाव घ्यायचं, नाव घेतलं की त्या माणसाने "आहे" म्हणायचं, मग पुढचं नाव. शेवटचं "आहे" येईपर्यंत अंगठा थांबवायचा नाही, ही रीत. घरचं माणूस सगळ्यांच्या शेवटी, म्हणून शेवटचं नाव कायम नाफुलाचं. ती मुद्दाम वेळ लावायची. एकदा त्याला वाजवत ठेवून दोरीवरचे सगळे कपडे काढून आणले, घड्या घातल्या, मग म्हणाली, "आहे रे बाबा, जातेय कुठे!"

शहरातल्या रेडिओच्या इमारतीत गाणं भरून घेताना मात्र काचेपलीकडच्या साहेबाने सांगितलं होतं, "गिटार आत. बाटली बाहेर. ती खरखरते."

नाफुला बाहेर बाकावर बसली. मुकोया आत गेला आणि त्याने नमस्कारच गायला. परक्या घरात शिरल्यावर आधी आपल्या माणसांची नावं घ्यायची, एवढंच त्याला ठाऊक. तीन मिनिटं झाली तशी लाल दिव्याची भिंत पुढे सरकत आली आणि गिटारच्या डोक्याला टेकली.

"भिंत टेकली की थांबायचं," साहेब म्हणाला.

मुकोया थांबला. सभ्य माणूस. एकतीस नावं त्याने घेतली होती आणि एकाचंही "आहे" आलेलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता रेडिओवाल्यांनी गाणं अडीच मिनिटांचं केलं. कापलं ते शेवटाकडून, नाफुलाचं लांबवून गायलेलं कडवं तेवढं. त्या दिवशी चार वाजता अंगणात तीसच माणसं बोलली. नाफुला रेडिओसमोर ओठ हलवत बसली. मग ओठ मिटून बसली. तिचं अर्धं हसू त्या दिवशी चेहऱ्यावरून उतरलं, आणि घरात कुठे पडलं ते मुकोयाला सापडेना. त्याने खाटेखालीसुद्धा पाहिलं.

"रेडिओवाल्यांशी वाकडं घेऊ नकोस, मुकोया," शेम घाईघाईने म्हणाला. "अडीच मिनिटं तरी आहेत. तीही काढून—"

गाणं संपलं.

मुकोयाने गिटार पाठीला बांधली. नाफुलाकडे बघून मान हलवली. तिने खिळा डोक्याच्या फडक्यात खोचला, बाटली टोपलीत ठेवली आणि त्याच्याही पुढे जाऊन बसमध्ये बसली.

"आता कुठलं म्हणणार, मझे?" काचेपलीकडच्या साहेबाने विचारलं. मझे म्हणजे वडीलधारे; त्याने मान देऊनच विचारलं. "नवीन आणलंय ना?"

"तेच."

"ते झालंय की."

"झालेलं नाही."

"बाटली बाहेर," साहेब म्हणाला.

नाफुला बाहेर, लाल दिव्याच्या भिंतीपलीकडच्या बाकावर बसली. दार लागलं. मुकोयाने अंगठा खाली सोडला आणि तो चालायला लागला.

*पहिला नमस्कार, नदीकाठच्या शेमला,*
*वादळात केळी मोडल्या, शेम नाही मोडला.*

अंगठा चालत होता. मुकोया पुढच्या नावाकडे गेला नाही. त्याच त्या दोन ओळी सात वेळा म्हटल्या. आठव्या वेळी काचेवरच्या कर्ण्यातून शेमचा आवाज आला, झोपेतून उठवल्यासारखा, "आहे." आणि मशीनची खडखड कर्ण्यातून निघून दाराखालच्या फटीतून बाहेर गेली. मग मुकोयाने दुसरं नाव घेतलं.

बारावं "आहे" आलं तेव्हा भिंत गिटारच्या डोक्याला टेकली.

"मझे, भिंत टेकली."

"टेकू दे."

"तीन मिनिटं झाली!"

"तुमची झाली असतील."

भिंत सरकत राहिली. मुकोयाने गिटार उभी धरली, गुडघे पोटाशी घेतले. नासिमियूच्या "आहे" बरोबर चौदा शेळ्या ओरडत त्याच्या कानाजवळून गेल्या. काचेपलीकडे टेप चक्रावरून उतू गेली होती. तपकिरी, चकचकीत वेटोळी टेबलावरून खाली, खालून वर, साहेबाच्या छातीपर्यंत आली होती.

"थांबा हो," साहेब म्हणाला. "मला कात्री सापडत नाहीये."

"कात्री नकोच," मुकोया गाण्यातच म्हणाला, आणि तेविसावं नाव घेतलं.

तिसाव्या "आहे"पर्यंत खोली एवढीच उरली की तीत मुकोया होता, गिटार होती आणि नाकासमोर भिंत. लाल दिव्याची ऊब कपाळाला लागत होती. टेप साहेबाच्या हनुवटीला पोचली होती. तो मान वर करून श्वास तेवढा घेत होता. मुकोयाच्या अंगठ्याची कातडी जाऊन जाड तार ओली झाली होती. अंगठा चालत होता.

*शेवटचा नमस्कार, नाफुला, माझ्या घरा,*
*तुझ्याविना ठेका माझा लंगडा, अधुरा.*

कर्णा गप्प.

त्याने पुन्हा म्हटलं. भिंत छातीला लागली, तर्जनी हलवायला जागा उरली नाही. मग नुसता अंगठा. मुकोयाला त्या दोरीवरच्या कपड्यांची आठवण झाली. "घाल घड्या," तो भिंतीला म्हणाला. "सावकाश घाल. मी आहे इथे."

भिंत एकदा थरथरली आणि आणखी बोटभर पुढे आली. अंगठा चालत होता.

तेव्हा त्याच्या पायावर गिलाव्याचा एक कण पडला. आवाज न करता. मग दुसरा. मग अंगठ्याच्या प्रत्येक चौथ्या ठोक्याला एकेक, जराही न चुकता. लाल दिव्याच्या खाली, त्याच्या ओठांसमोर, भिंतीतून खिळ्याचं टोक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा बाहेर आलं.