खुंटी दहावर होती

मूंटा गावात लॉन बोलिंगच्या, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, हिरवळीमागे पत्र्याची एक शेड आहे. दर शनिवारी तिथे हौशी माणसं जमतात, मोडके रेडिओ उघडतात आणि परत जोडता आले नाहीत की डेस पॅस्कोपुढे आणून ठेवतात. डेसची हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. शेडमध्ये त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि हे त्यालाही जरा जास्तच ठाऊक होतं.

नव्या माणसाला त्याचा पहिला धडा ठरलेला: "मोजण्याआधी खुंटी बघ." विजेची लाट मोजणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबवर, म्हणजे तारेला टेकवायच्या त्या टोकदार दांडीवर, एक इवलीशी सरकती खुंटी असते. ती एकावर असली की जेवढं आहे तेवढं दिसतं. दहावर असली की दहावा हिस्साच आत जातो, आणि तसं जोडलेल्या लॅपटॉपला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो. डेसने हे इतक्यांदा घोकवून घेतलं होतं की शेडमध्ये त्याचा विनोद झाला होता. चहा गार निघाला तरी कुणीतरी विचारायचं, "खुंटी बघितलीस का रे?"

यंदा नवशिक्यांच्या वर्गासाठी सहा यूएसबी स्कोप घ्यायचं ठरलं. लॅपटॉपला जोडलं की पडद्यावर विजेची लाट काढून दाखवणाऱ्या छोट्या डब्या त्या. पारखायला तीन डब्या टेबलावर आल्या. दोन महागातल्या, डेसच्या पसंतीच्या. तिसरी सत्तर डॉलरची, ग्लेनिस ट्रिझाइजने स्वतःसाठी घेतलेली. ग्लेनिसने जन्मभर गावाचे केस कापले, आणि नवरा गेल्यावर मागच्या वर्षी ती शेडमध्ये येऊ लागली. रिव्ह्यू वाचून वाचून, व्हिडिओ बघून तिने ती डबी निवडली होती.

"आपल्या कामाला एवढी पुरते," ती म्हणाली. "तुझ्या त्या एकीच्या किमतीत अशा तीन येतात, डेस."

"खेळणी काय, तीसही येतील," डेस म्हणाला. सगळे हसले.

तिन्ही डब्यांना एकच लाट द्यायची होती, पाच व्होल्टची. पहिलीने पाच दाखवले. दुसरीनेही पाच. तिसरीवर आली अर्ध्या व्होल्टची एक बुटकी, केसाळ रेघ, तीही थरथरत.

"बघा! आत पाच घातले, दिसतोय अर्धा. बाकीचे वाटेत सांडले!" डेस म्हणाला.

"पण रिव्ह्यूत तर चांगलं..." ग्लेनिस पुढे वाकून म्हणाली.

"रिव्ह्यू लिहायला मोजता यावं लागत नाही गं." डेसने फळ्यावरच्या तिसऱ्या नावावर काट मारली.

पाचाच्या जागी अर्धा, म्हणजे बरोब्बर दहावा हिस्सा. एरवी हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर डेसने दारातूनच ओरडून सांगितलं असतं. पण त्याने निकाल आधी लावला होता आणि मोजलं होतं नंतर.

मंडळी बाहेर सॉसेज भाजायला गेली. डेस एकटाच वायरी गुंडाळत होता, तेव्हा त्याचा अंगठा तिसऱ्या डबीच्या प्रोबवरच्या खुंटीला अडला. खुंटी दहावर होती. पिशवीतून प्रोब काढताना त्यानेच सवयीने सरकवली होती, आणि लॅपटॉपला सांगायचं राहून गेलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. त्याचे कान तापले. त्याने खुंटी गुपचूप एकावर सरकवली, प्रोब पिशवीत घातला आणि मनाशी म्हणाला, खाणं झालं की सांगू.

बाहेर शेडमधलाच मर्व्ह सॉसची बाटली हलवत ओरडला, "काय ग्लेनिस, डबी घेताना खुंटी बघितली नव्हतीस वाटतं?"

मोठा हशा पिकला. ग्लेनिस लालेलाल झाली, तरी हसली बिचारी. डेसही हसला, चांगला खो खो. खाणं झालं, आणि त्याने काही सांगितलं नाही.

पुढचे दिवस त्याला अन्न गोड लागेना. चूक कुणाच्याही हातून होते, तिची लाज त्याला फारशी नव्हती. लाज होती ती खुंटी गुपचूप सरकवल्याची. त्यात मर्व्हने फोन करून सांगितलं की ग्लेनिस आता येणार नाही म्हणते. मग मात्र डेस उठला, बेकरीतून सारण भरलेल्या दोन पेस्टी घेतल्या आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बरं झालं आलास!" ग्लेनिसने त्याला थेट स्वयंपाकघरात नेलं. "जरा बघ ना, माझं काय चुकतंय?"

टेबलावर तिचा लॅपटॉप, ती डबी आणि शेडमधून मागून आणलेलं लाट सोडायचं यंत्र होतं. पडद्यावर पाच व्होल्टची चौकोनी लाट दिसत होती, काटकोन कसे कापून काढल्यासारखे.

"रोज लावून बघते. दरवेळी पाचच येतात," ती म्हणाली. "तुला तर अर्धा दिसला. म्हणजे माझ्याच जोडणीत घोळ असणार ना? खुंटीसुद्धा पुन्हा पुन्हा बघितली, तू शिकवलंस तशी. नाही रे सापडत. मी डबी परत पाठवतेय, डेस. हे माझं काम नव्हे. उगाच तुमचा सगळ्यांचा वेळ खाल्ला."

डेसने वाटेत चांगलं लांबलचक बोलणं जुळवून आणलं होतं. त्यातलं काही आठवेना. स्वतःच्या डोळ्यांनी पाच दिसत असताना ही बाई त्याच्या अर्ध्यावर विश्वास ठेवून बसली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "माझी खुंटी दहावर होती."

ग्लेनिसने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कधी कळलं तुला?"

"वायरी गुंडाळताना."

"म्हणजे सॉसेजच्या आधी."

"हो."

"मर्व्ह ते बोलला, तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि तू हसलास."

तो चूक कबूल करायला आला होता. आपलं ते हसणं तिच्या ध्यानात राहिलं नसेल, अशी त्याला आशा होती.

"हसलो," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

ग्लेनिसने प्रोब डबीतून काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"शनिवारी मी येतेय. पुढच्याच बाकावर बसेन. जेवढ्या मोठ्यानं हसलास ना डेस, तेवढ्याच मोठ्यानं सांग."