सहा जणांची ओळ

मित्रांनो, माझ्या पोटात मक्याचे दाणे आहेत. त्यांच्या वजनामुळेच मी हवेत भरकटत नाही. जिथे टाकाल तिथेच पडतो. मी एका पंचाचा पिवळा रुमाल आहे. धुऊन धुऊन माझा रंग विटला आहे, आणि माझ्या एका कडेला निळ्या दोऱ्याचे टाके आहेत, कारण मला शिवताना घरातला पिवळा दोरा संपला होता.

ओहायोच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलुखात बेल फोर्क नावाचे गाव आहे. तिथल्या नेडीन क्रान्त्झ या बाईंनी गोधडीसाठी पिवळे कापड आणले होते. गोधडी पूर्ण झाली आणि हातभर तुकडा उरला. त्यांनी त्याचा एक कोपरा दुमडून त्यात मूठभर मका भरला, वर गाठ मारली आणि मला आपल्या नवऱ्याच्या हातात ठेवले. त्यांचा नवरा वेन्डेल रस्ते खात्यात नोकरीला होता. हिवाळ्यात तो रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचा आणि उन्हाळ्यात खड्डे भरायचा. पानगळीचे दिवस आले की मात्र काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा.

इथला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू छातीशी धरून धावायचे, आणि समोरच्यांनी त्याला आडवे पाडायचे. पण प्रत्येक चाल सुरू होण्याआधी चेंडूवाल्या संघाला नियमाने उभे राहावे लागते. काही जण चेंडूच्या रेषेवर, बाकीचे त्यांच्या मागे. ती मांडणी चुकली की पंच मला खिशातून ओढून मैदानात फेकतो. चूक पक्की ठरली की त्या चालीत मिळवलेले सगळे रद्द.

वेन्डेल कडेचा पंच होता. मैदानाच्या कडेला, बरोबर चेंडूच्या रेषेत तो उभा राहायचा आणि ओळीतली पोरे मोजायचा. रेषेवर निदान सात जण हवेत, असा तेव्हा नियम होता. ऐकायला सोपे वाटते. पण एखादा पोरगा धड पुढेही नसतो आणि धड मागेही नसतो. चाल सुरू करायला ओळीच्या मधून चेंडू मागे देतो त्या गड्याच्या कमरेच्या रेषेपुढे त्याचे डोके आले की तो ओळीतला. नाही आले तर मागचा. हा वीतभराचा हिशोब वेन्डेल डोळ्यांनी करायचा, आणि कुणी मध्येच रेंगाळताना दिसला तर मला फेकण्याआधी एकदा बजावायचा, “पोरा, पुढे ये नाहीतर मागे हो. मधे लोंबकळू नकोस.”

त्यामुळे त्याला मान होता. कोच त्याच्यावर ओरडत, पण मोठा सामना असला की तोच पंच हवा म्हणून मागणी करत. त्याच्याबरोबर मीही नावाजला गेलो. एकदा तर वर्तमानपत्रातल्या फोटोत मी जमिनीवर पडलेला दिसत होतो. नेडीनबाईंनी ते कात्रण फ्रिजवर लावले होते.

मग दुकानातून नवा रुमाल आला. चकचकीत, डोळ्यांत खुपेल असा पिवळा. मी ट्रकच्या कप्प्यात गेलो आणि तिथे पेचकस, जुन्या पावत्या आणि वितळून पुन्हा घट्ट झालेल्या एका चॉकलेटच्या सोबतीने तीन हंगाम पडून राहिलो. शनिवारी शिट्ट्यांचे आवाज यायचे. मी आत ऐकत बसायचो. त्या दिवसांबद्दल मी फार सांगणार नाही. एका वादळी दुपारी नव्या रुमालाला वाऱ्याने उचलले आणि थेट बँडवाल्यांच्या ढोलावर नेऊन टाकले. सगळे मैदान हसले. मध्यंतरात वेन्डेल ट्रकपाशी आला, कप्पा उघडला, मला झटकले आणि खिशात खोचले. मला परत खिसा मिळाला, एवढेच मला पुरेसे होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

एका उन्हाळ्यात पंचांच्या संघटनेकडून नवे नियमपुस्तक आले. मांडणीचा नियम बदलला होता. आता रेषेवर सात जण असा हिशोब नव्हता. रेषेवर निदान पाच हवेत, तेही सदऱ्यावर पन्नास ते एकोणऐंशीमधला आकडा असलेले, आणि मागे चारांपेक्षा जास्त नकोत, एवढेच बघायचे होते. वेन्डेलने ते वाचले आणि पुस्तक टेबलावर टाकले. अकरातून चार गेले की सातच उरतात, मग बदलले काय, असे त्याचे म्हणणे होते.

नेडीनबाईंनी टेबलावर अकरा चमचे मांडले. सात पुढे, चार मागे. मग पुढच्या ओळीतला एक चमचा उचलून आपल्या एप्रनच्या खिशात टाकला.

“आता?”

“आता सहाच पुढे. चूक.”

“पुस्तकात बघ.”

वेन्डेलने पुन्हा पुस्तक उघडले. ओठ हलवत हलवत त्याने ती ओळ दोनदा वाचली. मागे चारच होते. म्हणजे चूक नव्हती. संघाचा एक गडी कमी असेल तर पूर्वी त्याला वर शिक्षाही व्हायची. आता होणार नव्हती. नेडीनबाई म्हणाल्या, ज्याच्याकडे आधीच माणूस कमी, त्याला आणखी कशाला मारायचे. वेन्डेलला ते पटले. पण डोक्याला पटले म्हणून डोळ्यांना पटत नाही. तीस वर्षे ते डोळे सातापर्यंत मोजत आले होते. ऑगस्टच्या सराव सामन्यांतही तो पुटपुटायचा, पाच, सहा, सात. मी त्याच्या कमरेशीच असायचो, मला ऐकू यायचे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कार्व्हर रन या गावी गेलो. तिथल्या मैदानावर दिवे नव्हते, म्हणून सामने भर दुपारी व्हायचे. पुढच्या वर्षी ती शाळा मोठ्या शाळेत मिसळून जाणार होती, म्हणजे हा तिचा शेवटचा सामना. संघात सारी चौदा पोरे. त्या हंगामातले आठही सामने ते हरले होते. तरी लाकडी बाकांवर सगळे गाव येऊन बसले होते. म्हातारी माणसे आपापल्या काळचे शाळेचे कोट चढवून आली होती, काहींच्या कोटांची बटणे लागत नव्हती. समोर माउंट एडरचा संघ होता, चाळीस पोरांचा. त्यांचा कोच मरे टॉलिव्हर वेन्डेलला वीस वर्षे ओळखत होता आणि वीस वर्षे त्याच्यावर ओरडत होता.

मैदानाच्या पलीकडच्या कडेला कॉर्लिस अमेन्ड उभी होती. सव्वीस वर्षांची, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी मुलगी. पंच म्हणून तिचा हा दुसराच हंगाम. आपल्या बाजूचा कडेचा खेळाडू रेषेच्या मागे असेल तर कडेच्या पंचाने हात आडवा पसरायचा, म्हणजे समोरच्या पंचाला मोजता येते. कॉर्लिसचा हात नेहमी वेळेवर पसरलेला असायचा.

शेवटचे चाळीस सेकंद उरले. माउंट एडर सतरा, कार्व्हर रन चौदा. चेंडू कार्व्हर रनकडे, शेवटच्या रेषेपासून नऊ पावलांवर, आणि त्यांची ही चौथी, म्हणजे अखेरची संधी. त्याच वेळी त्यांच्या एका पोराच्या पोटरीत गोळा आला. तो लंगडत बाहेर गेला. त्याच्या जागी कुणी आत जायला हवे होते, पण गोंधळात कुणीच गेले नाही. दहा जणच उभे राहिले, आणि हे त्यांच्या कोचच्याही लक्षात आले नाही.

वेन्डेलने मोजले. चार, पाच, सहा. सातवा नव्हता. चेंडू हलला आणि त्याचा हात आपोआप खिशाकडे आला. मी हवेत गेलो.

मी पडलो तिथून मला आकाश दिसत होते आणि पोरांचे बूट दिसत होते. एमेट डाऊड नावाचा किडकिडीत पोरगा चेंडू घेऊन उजवीकडे निघाला, दोघांना चुकवून वळला आणि शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन पडला. टचडाउन, म्हणजे सहा गुण. बाकांवरचे लोक उठले, आणि मग एकेकाला मी दिसलो. इतका आवाज इतक्या पटकन बसलेला मी कधी ऐकला नव्हता. कोटवाले म्हातारे उभेच राहिले.

मुख्य पंच गार्लंड प्रुइट सगळ्यांना मैदानाच्या मध्यात घेऊन गेला. वेन्डेलने मला उचलून मुठीत धरले होते.

“बोल, काय आहे?” गार्लंडने विचारले.

“मांडणी चुकली. रेषेवर सहाच होते.”

गार्लंडने मान डोलावली आणि इशारा करायला वळला. कॉर्लिस काही बोलणार होती, बोलली नाही, पायाने गवत उकरत राहिली. मग एकदम म्हणाली, “मागे चारच होते.”

गार्लंड थांबला.

“मी सगळे मिळून दहा मोजले,” ती म्हणाली. “माझ्या बाजूचा मागे होता, मी हात पसरला होता. वेन्डेल, तुमचाही पसरलेला होता. दोन ते, एक चेंडू घेणारा, एक त्याच्या शेजारी. चार. पुढे सहा.”

मूठ आवळली गेली. माझ्या पोटातले दाणे एकमेकांवर घासले. मित्रांनो, त्या क्षणी वेन्डेल गप्प राहिला असता तर कुणाला काही कळले नसते. बाकांवरच्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या असत्या, पण चूक कुणाला सापडली नसती. तीस वर्षांच्या पंचाचे एका नवख्या पोरीपेक्षा जास्तच ऐकले असते. तो खाली बघत होता. त्याने सावकाश विचारले, “ओळीतल्या पाच जणांचे सदऱ्यावरचे आकडे?”

“पन्नास ते एकोणऐंशीच्या आतलेच. पाचही.”

वेन्डेलने श्वास सोडला. “मग काही चूक नाही. मी जुनं मोजलं. टचडाउन आहे, गार्लंड.”

“पक्कं?”

“पक्कं.”

त्याने मला खिशात ठेवले. गार्लंडने टचडाउनची खूण म्हणून दोन्ही हात वर केले. बाकांवरून जो आवाज उठला त्याने माझे टाके थरथरले. पण वेन्डेलचे काम अजून बाकी होते. तो चालत टॉलिव्हरकडे गेला आणि मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला की चूक त्याची होती, मांडणी बरोबर होती. टॉलिव्हरचे तोंड बीटासारखे लाल झाले. सात, सात, सात, असे तो बोटे नाचवत ओरडत राहिला, आणि असला बावळट पंच आपण वीस वर्षांत पाहिला नाही, असेही म्हणाला. वेन्डेलने ऐकून घेतले. सामना वीस विरुद्ध सतराने संपला.

मग वेन्डेल पंचांच्या खोलीत आला. टॉलिव्हरचे सात त्याच्या डोक्यात घुमत होते. आपण चुकीची गोष्ट सुधारली की बरोबर गोष्ट बिघडवली, हेच त्याला उमगेना. त्याने पिशवी जमिनीवर पालथी केली, नियमपुस्तक शोधले, चष्मा सापडेना म्हणून पुस्तक हातभर लांब धरले. कॉर्लिसने ते त्याच्या हातून घेतले आणि ती ओळ वाचून दाखवली. रेषेवर किमान पाच. मागे जास्तीत जास्त चार. त्याने ती पुन्हा वाचायला लावली. मग भिंतीला पाठ टेकून तो खाली बसला आणि नुसता हसत राहिला. गार्लंडने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे इतके सैल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बाहेर ट्रकपाशी टॉलिव्हर उभा होता. वेन्डेल थबकला.

“शोधलं मी,” टॉलिव्हर म्हणाला. “फोनवर. चार मागे. आधी चुकलास, मग बरोबर केलंस.”

“हो.”

“पहिल्यासाठी घातलेल्या शिव्या तशाच ठेव. दुसऱ्यासाठी घातलेल्या परत घेतो.” आणि हात न मिळवताच तो बसकडे निघून गेला. त्याच्याकडून एवढे म्हणजे खूप होते.

परतताना कॉर्लिस आमच्याच ट्रकमध्ये होती. मग वेन्डेलने विचारले, ती आधी गप्प का राहिली. तिने खिडकीबाहेर बघत सांगितले की सप्टेंबरमध्ये तिने त्याला एकदा काही सुचवले होते, तेव्हा त्याने तिला आपली बाजू बघायला सांगितले होते. हे खरे होते. मी तेव्हा खिशातच होतो.

वेन्डेलने एक वळण पार केले, दुसरे पार केले.

“पुढच्या शनिवारी माझीही बघ,” तो म्हणाला.

मित्रांनो, मी अजून कामावर आहे. मला थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी. दुसरी मागणी तुमच्याकडे आहे. कधी तुम्ही बाकांवर बसलेले असाल, तुमच्या संघाचा आनंद ऐन भरात असेल आणि मी गवतावर पडलेला दिसेन, तेव्हा लगेच ओरडू नका. मैदानाच्या मध्यात चार-पाच माणसे डोकी जवळ आणून उभी असतील. ती मोजत असतील. त्यांना मोजू द्या.