मिठागराकाठचं घर

"उतरा, उतरा! चढ आला!" क्लीनर ओरडला आणि उकंडराव गाठोडं काखोटीला मारून तिसऱ्यांदा मोटारीतून खाली उतरले.

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं. खोपोलीहून पेणकडे निघालेली ही मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. सपाटीवर कशीबशी धावायची आणि चढ दिसला की हातपाय गाळायची. तिकीट काढून वर चालायचंही आपणच, हा कुठला न्याय, असं उकंडरावांच्या ओठांवर आलं होतं. पण भांडायलाही अंगात जोर लागतो. वसमतला गाडीत बसल्याला आज तिसरा दिवस होता. पूर्णा, मनमाड, कल्याण, कर्जत. जिथं उतरावं तिथं पुढची गाडी नुकतीच सुटलेली. आपल्या हट्टा गावापासून इतक्या लांब ते जन्मात आले नव्हते.

बंडीच्या खिशात विहीणबाईंचं पत्र होतं. गावच्या मास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवलं होतं, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात. लग्नाला आठ वर्षं झाली, चतुराची कूस उजवली नाही. संतरामचं दुसरं लग्न ठरवतो आहोत, मुलीला घेऊन जावं. जावई कळमनुरीचा. मामाच्या ओळखीनं इकडे मिठागरावर कामाला लागला आणि आईला, बायकोला घेऊन इथंच राहिला. आता तिथं जाऊन विहीणबाईंचे पाय धरायचे की त्यांच्याशी भांडायचं, हे उकंडराव तीन दिवस मनात जुळवत होते आणि काही केल्या जुळत नव्हतं.

चढ संपला. मोटार पुन्हा हलली आणि थोड्या वेळानं खाडीकाठाला पांढरेशुभ्र ढीग दिसू लागले.

"एवढा कापूस उघड्यावर टाकून राहिले?" उकंडराव दचकून म्हणाले. "भिजला म्हंजे?"

शेजारचा माणूस खो खो हसला. "मीठ हाय त्ये, पावणं!"

उकंडरावांना हसू आलं नाही. पोर इतकी वर्षं या उन्हात, या खारट वाऱ्यात नांदते आहे आणि आपण बाप म्हणून एकदाही फिरकलो नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

घर सापडलं तेव्हा दुपार कलली होती. चतुरा दारातच उभी होती. वाळली होती, टाचांना भेगा पडल्या होत्या. तिनं बापाच्या पायांवर पाणी घातलं आणि वाकून नमस्कार केला. पडवीत विहीणबाई धुरपताबाई बसल्या होत्या. संतराम भिंतीशी मान खाली घालून उभा होता.

"आबा, प्यायचं पाणी शेजारच्या काकूकडं सांगून ठेवलंय," चतुरा म्हणाली. "त्यांच्या वट्यावर बसा जरासं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच उकंडरावांना लागलं. लेकीच्या पोटी लेकरू येईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. एवढ्या लांब येऊनही पोरीनं ती सांभाळली होती, आणि सांभाळताना चारचौघांत स्वतःचंच उणं दाखवत होती.

"रीत हाय ती," धुरपताबाई म्हणाल्या. "लेकरू असतं तं गोष्ट येगळी."

उकंडराव वट्याकडे वळले नाहीत. उंबरठा ओलांडून सरळ आत गेले आणि माठाशेजारी भुईवर बसले.

"चतुरा, पाणी दे."

"आबा, इथलं?"

"व्हय. तुह्या घरचं."

तिनं सासूकडे पाहिलं. मग माठावरचं झाकण काढून तांब्या भरला. भरताना थोडं पाणी सांडलं. पाणी मचूळ होतं. उकंडरावांनी तांब्या तोंडापासून न काढता रिकामा केला.

"हे काय करून राहिले, इव्हाई?" धुरपताबाई उठल्या. "लेकराबिगर?"

"लेकीचं घर भरलेलं दिसलं, म्हून पेलो," उकंडराव म्हणाले. "आता भाकर बी खाईन."

चतुरा चुलीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मग संतराम आत आला. आईकडे न बघता त्यानं सासऱ्यापुढे पाट मांडला, आणि त्याला लागून दुसरा, स्वतःसाठी.