तुटक्या खिळ्याचा ठसा

शुक्रवारी दवरोनकाकांकडे जेवायला जायचं, तर दारातच फोन काढून पातेल्यात टाकायचा आणि वर झाकण ठेवायचं. हाले शहरातल्या सगळ्या ताजिक मंडळींना हा नियम तोंडपाठ होता. इथे जर्मनीत एखादा चेहरा फोटोत आला, की तिकडे ताजिकिस्तानात, कुलोबात, पोलीस त्याच्या भावाला उचलतात, हे प्रत्येकाने भोगलेलं. सावरीचा नवरा तर बंदी आलेल्या पक्षातला. तिने फोन केला, की दुसऱ्या दिवशी आईच्या दारात पोलिसांची गाडी. म्हणून चार वर्षं तिने आईचा आवाजही ऐकला नव्हता.

तहमिना मात्र नवी आणि हौशी. तिने एक फोन पातेल्यात टाकला, दुसरा ओढणीखाली ठेवला आणि सावरीने आणलेल्या रोट्यांचा फोटो काढून बहिणीला धाडला. बहिणीने तो इंटरनेटवर टाकून जगाला दाखवला.

"त्यात एकही माणूस नाहीये, सावरीताई. नुसत्या रोट्या आहेत," तहमिना नंतर रडवेली होऊन म्हणाली.

अगं बाई, नुसत्या रोट्या! भाजण्याआधी रोटीच्या मधोमध खिळ्यांचा ठसा मारतात आणि घराघराचा ठसा वेगळा. सावरीचा आईने दिलेला, नऊ खिळ्यांचा, त्यातला एक तुटका. ती खोट गावात शेंबडं पोरही ओळखेल. तहमिना शहरातली, दुकानची रोटी खाऊन वाढलेली. तिला काय बोलणार? चेहरा लपवून लपवून जीव मेटाकुटीला आलेल्या सावरीला तरी हे कुठे सुचलं होतं? दर शुक्रवारी ठसा तर तीच मारत होती.

फोटोतला ठसा ओळखून गावातल्या शेजाऱ्याने पोलिसांकडे चुगली केली. आईला चौकशीला नेल्याचं मॉस्कोतल्या मावशीने दवरोनकाकांना कळवलं आणि मग अकरा दिवस काहीच नाही. सावरी कामावर जायची, यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

बाराव्या दिवशी काका स्वतः जिने चढून आले.

"सुटली. घरी आहे," ते धापा टाकत म्हणाले. "साहेबाने फोटो पुढे धरून विचारलं, ही तुझ्या लेकीची रोटी ना? म्हातारीने चष्मा लावला, नीट पाहिलं आणि म्हणाली, माझी लेक रोटी अशी करपवत नाही. मी तिला असं शिकवलेलं नाही."

काका हसले. सावरीही हसली, हसता हसता खालीच बसली.

करपली होतीच. भाड्याच्या घरातला तो मेला ओव्हन डावीकडे जास्त तापतो. चार वर्षांत आईला लेकीचं एवढंच दिसलं.

पुढच्या शुक्रवारी तिने ठसा फडक्यात गुंडाळून ठेवला आणि रोट्या काट्याने टोचल्या. ओव्हनपुढे स्टूल घेऊन बसली, जागची हलली नाही. एकही रोटी करपली नाही. त्यांचा फोटो आता कुणी काढणार नव्हतं.