पेन्सिलीचा आकडा

पारखीबुवांची बायको त्यांना 'दहापैकी' म्हणायची. जुन्या सॉफ्टवेअरच्या खोक्यांची अवस्था तपासून दहापैकी गुण द्यायचे, हा त्यांचा धंदा. पण खोड अशी जडली होती, की घरच्या चहालाही गुण मिळत. एकदा त्यांनी सहा दिले. तेव्हापासून बुवांना चहा स्वतःच करून प्यावा लागे.

त्या दिवशी एक शिक्षिका पिशवीतून खोकं घेऊन आली. आत तिच्या आईने तरुणपणी लिहिलेला, मुलांना गणित शिकवणारा प्रोग्रॅम होता. संग्रहालय तो आईच्या नावासकट मांडायला तयार होतं. अट एकच, गुण सातच्या खाली नकोत.

"आई ऐंशीची झालीय, काका. तिच्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच."

बुवांनी भिंग लावलं. खोक्याचा रंग उडालेला, त्याचे तीन गुण गेले; बाकी कोपरे शाबूत, पुस्तिका नव्यासारखी, फ्लॉपीवर बुरशीचा ठिपकाही नाही. मग झाकण उलटलं आणि ते चुकचुकले. आत पेन्सिलीने '१२' लिहिलं होतं.

"विकत घेणाऱ्याने काही खरडलं की आणखी एक गुण गेला. सहा."

तिचा चेहरा उतरला. बुवांना राहवेना.

"पेन्सिल आहे, अलगद निघेल. याच प्रोग्रॅमची एक प्रत माझ्याकडे आहे, तिच्यावरचीही गेल्या वर्षी मीच पुसली." त्यांनी खोडरबर उचललासुद्धा.

"अहो काका, हात आवरा! आईचं अक्षर आहे ते. ती जेवणाच्या टेबलावर प्रत्येक फ्लॉपी चालवून बघायची, मगच आकडा टाकून खोकं बंद करायची."

"लेकीने म्हणायचं आणि मी मानायचं? मग पारखी हवा कशाला?"

म्हणाले खरे, पण उठले. कपाटातून आपली प्रत काढून त्यांनी तिचं झाकण दिव्याखाली तिरकं धरलं. शिसं गेलं होतं, दाब उरला होता: '२९'. दोनाची शेपटी '१२'मधल्यासारखीच वर झोकलेली.

बुवांनी दोन्ही झाकणं शेजारीशेजारी ठेवली.

"दोन घरांतली खोकी, हात एकच. बनवणारीच्या हातच्या खुणेचा गुण कापत नाहीत. आणि मी, तीस वर्षं पारख करणारा शहाणा, पुसून बसलो!"

"तुम्हाला किती मग?"

"शून्य."

चिठ्ठीवर त्यांनी 'सात' लिहिलं आणि खाली शेरा मारला: 'आतला आकडा बनवणारीचा. कुणी पुसू नये.'

ती डोळे पुसत उठली, तशी बुवांनी आपली प्रत पुढे सरकवली.

"आईंचा हात चालतो का अजून?"

"रोज शब्दकोडं सोडवते."

"मग एकोणतीस पुन्हा लिहून आणा."

"पण आता नव्याने लिहिलं म्हणून गुण कापले जातील ना?"

"जाऊ देत. शहाणपण तर येईल."