खालच्या कप्प्यातली बशी

मित्रांनो, मी इनक्युबेटर, या प्रयोगशाळेतला वयाने सगळ्यांत थोरला. दिसतो कपाटासारखा, पण पोटात कायम माणसाच्या अंगाइतकी ऊब असते. कारखान्यातून आलो तेव्हा माझं काय कौतुक होतं! आता दार कुरकुरतं, म्हणून नवे लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

माझ्या उबेत डॉक्टरबाई काचेच्या बशांत कर्करोगाच्या पेशी वाढवत. त्यांच्या ताईंना याच रोगाने गाठलं होतं. कर्करोगाच्या पेशींत थोड्या 'मूळ' असतात. गाठ पुन्हा उगवते ती त्यांच्यामुळे. मूळ पेशी हिरव्या चमकतील अशी सोय करून बाईंनी त्या वेगळ्या काढल्या आणि नेमक्या त्यांनाच मारणारं औषध शोधलं. त्याच्या चाचणीत ताईंचंही नाव लागलं. पुढे अशाच एका खेपेला उरलेल्या पेशींच्या बशीवर बाईंनी लिहिलं, 'साध्या'. ती बशी खालच्या कप्प्यात गेली आणि सगळे तिला विसरले. खरं सांगतो, मीही.

बारा दिवसांनी मला पुसताना ती साफसफाईच्या मावशींना सापडली. मावशींनी एकदा सासूबाईंचा चष्मा कचऱ्यात घातला होता. तेव्हापासून विचारल्याशिवाय त्या काही टाकत नसत.

"बाई, ही टाकू?"

"टाका हो, साध्याच आहेत त्या."

"एकदा बघून तरी घ्या. मग टाकते."

बाईंनी वैतागून बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि पुन्हा पुन्हा डोळा लावून पाहिलं. साध्या पेशींत हिरवे ठिपके चमकत होते! आपल्याच हातून सरमिसळ झाली असेल, म्हणून त्यांनी प्रयोग पुन्हा केला, एकदम तीन बशांत. तिन्हींत तेच. मूळ पेशी काढून टाकल्या, की साध्यांतल्याच काही पालटून मूळ होत होत्या. म्हणजे एकट्या मूळ पेशी मारून भागणार नव्हतं.

ताईंचं औषध सोमवारी सुरू व्हायचं होतं. बाईंनी माझ्याशेजारी उभं राहूनच फोन लावला. "ताई, थांब. तुझ्या डॉक्टरांशी मला आधी बोलू दे."

मग दोन्ही पेशींना एकदम गाठणारे उपचार ठरले. ते वर्ष फार जड गेलं.

आज चार वर्षांनी ताई इथे आल्या, जिना चढून, स्वतःच्या पायांनी. बाई त्यांना माझ्याकडे घेऊन निघाल्या, तर ताई सरळ मावशींकडे गेल्या आणि त्यांचे हात धरून रडल्या.

"अहो, मी नुसतं विचारलं," मावशी म्हणाल्या.

मित्रांनो, यंत्रं पुसा, त्यांना तेल द्या, मला ते हवंच आहे. पण विचारणारं माणूस त्याहून जपा. माझ्याच पोटात काय चाललंय हे मला कळलं नव्हतं. मावशींनी विचारलं, म्हणून मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.