आमेन राहिलं होतं

चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायला, मला फार आवडायचं, हे आधीच कबूल करते. माईक हातात आला की माझा आवाज आपसूक जाड व्हायचा. आठवडाभर तासगावच्या शेडमध्ये खाली मान घालून बेदाणा निवडणारी मी राजेश्वरी, रविवारी मात्र जमीन हलवणारी राजेश्वरीताई व्हायचे.

जमीन हलली होती, त्यात खोटं काही नाही. जानेवारीत आमच्या धैर्यशील पास्टरांनी मला कोयनानगरला प्रार्थनेसाठी पाठवलं. तिथल्या आकाराममामांचं डावं अंग लकव्यानं गेलं होतं. बायको रंगूबाई एकटीच त्यांचं सगळं करायची. मी खाटेपाशी बसले, मामांच्या लुळ्या हातावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठमोठ्यानं मागू लागले. माझे तळवे तापले, अंगावर काटा आला. तेवढ्यात खालून घरघर झाली आणि मांडणीवरची भांडी धडाधड खाली आली.

पुढचं आठवतं ते एवढंच, की मी अंगणात उभी होते, हात वर करून हालेलुया म्हणत.

त्यानंतर सात ठिकाणी साक्ष दिली. पलूसला भांडी पडली, विट्याला कपाट सरकलं, कुंडलला तर मामांची बोटं हलली. बोटं हलली म्हटल्यावर बायका रडल्या, आणि मलाही रडू आलं. आपल्याच थापेवर रडणारी माझ्यासारखी मीच.

मार्चच्या मोठ्या सभेला पास्टरांनी रंगूबाईंनाच बोलावून घेतलं. त्या एसटीनं आल्या, पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. माझी साक्ष संपली तसं पास्टरांनी माईक त्यांच्यापुढं धरला.

"मावशी, जमीन हलली ना?"

"हालली की. आमच्याकडं हालतीच," त्या म्हणाल्या. "आमी भांडी उचलून ठेवतो न् कामाला लागतो."

मंडपात हसू पिकलं. पास्टर जरा गडबडले. "आणि मामांची बोटं?"

रंगूबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"त्ये काय मला दिसलं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "पर आमच्या ह्यांनी ताईंस्नी निरोप दिलाय. ताई परत कवा येनार? त्या दिशी येशूचं नाव घ्यायच्या आदीच ताई भाईर गेल्या. प्रार्थना अर्धीच राह्यली. आमेन म्हनायला त्ये अजून थांबल्यात."

बाहेर गेल्या, असं म्हणाल्या त्या. पळून गेल्या म्हणाल्या नाहीत. अंगणातून वळून पाहिलं तेव्हा मला उघड्या दारातून सगळं दिसलं होतं. रंगूबाई नवऱ्यावर आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर एक पातेलं आदळलं होतं. ते मी सातही साक्षींत गाळलं. आता मनातल्या मनात त्या साक्षी चाळल्या. भांडी होती, कपाट होतं, माझे तापलेले तळवे होते. येशू एकाही साक्षीत नव्हता. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मी माईक मागून घेतला. "बोटं हलली नाहीत," मी म्हणाले. "मी पळाले. मामांना खाटेवर टाकून पळाले." या वेळी आवाज जाड झाला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पास्टरांनी माईक घेतला आणि गाणं सुरू करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रंगूबाईंबरोबरच मी कोयनानगरला गेले. मामा खाटेवर तसेच होते. मला बघून अर्ध्या तोंडानं हसले.

"दाराकडंच बसा ताई," ते म्हणाले. "हाललंच तर लांब नगं पडाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दाराकडं पाठ करून बसले आणि त्यांचा हात धरला. तळवे तापले नाहीत, उलट माझेच हात गार पडले होते. मामांना धीर दे, मावशींना बळ दे, एवढंच मागितलं. "प्रभू येशूच्या नावानं मागते," इथवर आले आणि डोळे उघडून मामांकडं पाहिलं.

मग अर्ध्या तोंडानं, पण स्पष्ट, त्यांनीच "आमेन" म्हटलं, आणि रंगूबाईंना चहा टाकायला सांगितला.